फ्रीजरसाठी हरीण

आज अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करायचा ९ दिवसांचा हंगाम सुरू झाला. जिकडे तिकडे भडक केशरी जॅकेटं. नियमच आहे: कमरेवरचे निम्मे कपडे तरी केशरी किंवा गुलाबी हवेत.

हे शिकारी "हौस म्हणून मारतात" असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. बऱ्याच जणांना फ्रीजर भरायचा असतो. ७० किलोच्या हरणातून हाडं वगळून २०-२५ किलो मटण निघतं. पण गोळी खांद्यामागे, फुप्फुसात लागली तरच! पोटात लागली की आतड्यातली घाण मांसात उतरते आणि जनावर लांब जाऊन मरतं. सापडेपर्यंत मटण वाया. म्हणून पडल्या जागीच, मूत्राशय न फोडता, आतडी काढायची आणि मांस लवकर ४ अंशांखाली न्यायचं. चरबी फेकायची, खाताना टाळूला मेणासारखी चिकटते.

शिकारीला आणखी एक कारण: हरणं खाणारे लांडगे थोडे, त्यांना खायला मका-सोयाबीन भरपूर. कळप वाढले की शेतं खातात, गाड्यांखाली येतात. (आपल्याकडे चितळ मारलं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुरुंग, तेव्हा तुलना नको.)

२००२ साली इथल्या हरणांत प्रायॉनमुळे (बिघडलेल्या प्रथिनामुळे) होणारा, हरणांना खंगवून मारणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) रोग आढळला. तो शिजवून जात नाही. त्यामुळे जाणते शिकारी हरणाच्या मानेतल्या लसिका ग्रंथी तपासायला देतात आणि निकाल येईपर्यंत त्या हरणाचं मटण वेगळं ठेवतात.