लॅपटॉपचा प्रोसेसर बदलायचा की नाही? माझे नऊ दिवस

माझा लॅपटॉप २०१३ सालचा. त्यावर मी घरी बसून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन टॉवेल कारखान्यांचे हिशेब लिहिते. गेल्या वर्षापासून तो इतका रेंगाळायला लागला की सकाळी बटण दाबायचं, कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या झाल्यावर येऊन बसायचं. भाचा म्हणाला, "मावशी, प्रोसेसर बदलून बघ." म्हणून नव्या पेठेतल्या एका दुकानात गेले.

"आय-सेव्हन टाकून देतो की ताई. साडेसात हजार. उद्या संध्याकाळी या."

ती तारीख २ होती. ३ तारखेला गेले, तर पार्ट पुण्याहून यायचा होता. ५ तारखेला काम करणारा पोरगा गावाला गेलेला. ७ तारखेला माझा लॅपटॉप फळीवर उघडा पडलेला दिसला. तळाचं झाकण काढलेलं, स्क्रू चहाच्या कागदी कपात आणि वर कुणाचा तरी प्रिंटर ठेवलेला. मला रडू आलं. मी एकच गोष्ट विचारत होते, "दादा, माझ्या मशीनमधला प्रोसेसर निघतो का?" हो किंवा नाही, एवढंच हवं होतं. "बघावं लागतंय", "बोर्ड काढल्याशिवाय कसं सांगू", "होऊन जातंय की". सरळ उत्तर एकानंही दिलं नाही. इकडे ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचा शेवटचा दिवस, दोन्ही कारखान्यांची विक्रीची बिलं त्याच मशीनमध्ये. दोन रात्री झोप लागली नाही. (डेटा आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवायला हवा होता. तुम्ही दुकानात देण्याआधी तेवढं नक्की करा.)

१० तारखेला त्याच काउंटरवर उभं राहून मी मोबाइलवर इंटेलच्या साइटवर माझ्या प्रोसेसरचा नंबर टाकला. आय३-३२१७यू. सॉकेटच्या (प्रोसेसर बोर्डावर बसतो त्या जागेच्या) ओळीत लिहिलेलं होतं, एफसीबीजीए१०२३. यातलं बीजीए म्हणजे प्रोसेसर खालच्या बारीक गोळ्यांनी बोर्डाला कायमचा डागलेला, म्हणजे सोल्डर केलेला. खाचेतून काढून दुसरा बसवायची सोयच नाही. दुकानदारांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "मग पूर्ण बोर्डच बदलावा लागंल." दोन मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीसाठी नऊ दिवस! तिथल्या तिथे मशीन उचलून घरी आणलं, ११ तारखेला रात्री रिटर्न भरून मोकळी झाले.

नंतर शांतपणे टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून बघितलं. प्रोसेसर तीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर. अडत होतं ते जुन्या हार्डडिस्कपाशी. भाच्यानं तिच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क बसवली, चार जीबीची आणखी एक रॅम टाकली, सगळं तीन हजारांच्या आत. पंखा काढला तेव्हा जाळीवर कापसाच्या तंतूंचा करडा थर होता, जुन्या चादरीच्या तुकड्यासारखा सलग निघाला. कारखान्यात लॅपटॉप नेणाऱ्यांनी तो वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावा. आता टॅली लगेच उघडते.

तुमच्या प्रोसेसरच्या नंबरामागे 'यू' असेल तर बदलायचा विचार सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या 'एम' वाल्यांत बरेच पिनांचे असतात, ते निघतात. पण काही 'एम'सुद्धा डागलेले येतात, म्हणून सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर उतरवून 'पॅकेज'ची ओळ वाचा, तिथे बीजीए दिसलं तर तो डागलेला. निघणारा असला तरी तुमच्या बायोसनं (बोर्डावरच्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरनं) नवा प्रोसेसर ओळखला पाहिजे आणि वॅटही जुळले पाहिजेत. ३५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा बसवला, तर आपल्याकडच्या मे महिन्यात छोटा पंखा पुरा पडत नाही. पाचव्या पिढीपासून तर इंटेलनं लॅपटॉपचे प्रोसेसर डागूनच दिले.

विंडोज ११ साठी बदलत असाल तर तोही उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तो या जुन्या बोर्डांवर बसत नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे हिशेबाची एक प्रत मी रोज बाहेरच्या डिस्कवर घेते.

आणि हो, तळाचे दोन स्क्रू त्या कपातच राहिले. देताना मोजा, फोटो काढून ठेवा.