दोन डोळे आणि दोन वेगळे मेकअप

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं आणि नवरी धरून पाच जणींचा मेकअप माझ्याकडे होता. थंडी अशी की सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी एकच, निफाडला पारा 6 वर आलाय. अशा थंडीत चेहरा कोरडा पडतो, बेस लावला की नाकाच्या बाजूला पापुद्रे दिसायला लागतात, म्हणून मी आधी मॉइश्चरायझर लावून बसवते आणि स्मोकी आय, म्हणजे गडद धुरकट डोळे, असतील तर डोळे आधी, फाउंडेशन नंतर, कारण डार्क शॅडोची भुकटी गालावर पडतेच पडते.

चौघी झाल्या. पाचव्या म्हणजे नवरीच्या आत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, कोपऱ्यात रंगीत काचेचा चष्मा लावून बसलेल्या. "मला नुसती पावडर लाव गं, डोळ्यांना काही नको." पण अंगावर येवल्याची वांगी रंगाची पैठणी, पदरावर हिरवे मोर, आणि नजर सारखी माझ्या मोरपंखी पेन्सिलीवर. मी म्हटलं, आत्या, हा रंग या साडीवर काय खुलेल माहितीये का! तेव्हा त्यांनी चष्मा काढला. डावा डोळा कृत्रिम होता. लहानपणी विटी लागली होती म्हणाल्या, आणि स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्येही त्यांचा समोरून काढलेला एक फोटो नाही.

मला गलबलून आलं पण हातात वेळ होता जेमतेम पाऊण तास. म्हटलं, करूया.

पहिला प्रयत्न चुकलाच. नेहमीच्या सवयीने दोन्ही डोळ्यांना सारखं केलं, पेन्सिल लावून सुकायच्या आत स्मज, वर तोच रंग चपट्या ब्रशने थापून थापून, मग पापणीच्या घडीत वांगी रंग ब्लेंड. उजवा डोळा सुंदर दिसायला लागला आणि डावा अजूनच आत गेला. त्या बाजूला पापणीच्या वर खोलगट भाग होता आणि पापणीही थोडी खाली उतरलेली, त्यावर मी गडद रंग भरला. गडद रंग जागा आत ढकलतो, फिका पुढे आणतो, हे मी क्लासमध्ये मुलींना शिकवते आणि तिथे मीच विसरले.

पुसायला कापूस घेतला आणि सवयीप्रमाणे बाहेरच्या बाजूला ओढणार तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं. "नाकाकडे पूस बाळा. बाहेर ओढलंस तर डोळा फिरतो." पंधरा वर्षं हे काम करतेय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डोळा मिटून, हलक्या हाताने, बाहेरून नाकाकडे पुसलं.

मग दोन डोळ्यांना दोन वेगळे मेकअप केले. उजवीकडे वांगी रंग घडीच्या किंचित वर नेला. डावीकडे त्या खोलगट जागेवर गडद काहीच नाही, त्वचेपेक्षा एक शेड फिकी मॅट शॅडो, आणि मोरपंखी रंग फक्त पापणीच्या कडेला, केसांना चिकटून. मधोमध क्रीम शिमर बोटाने टेकवलं, सुटा ग्लिटर नाही, आत कण गेला तर त्यांना त्रास होणार. डाव्या वॉटरलाइनला, म्हणजे पापणीच्या आतल्या ओल्या कडेला, हातच लावला नाही. खालच्या पापण्यांखाली मात्र दोन्हीकडे एकच मोरपंखी रेघ, जरा धुरकट केलेली, आणि खरं सांगते, दोन्ही डोळे जोडीचे वाटायला लागले ते त्या रेघेमुळे. नेव्ही ब्लू मी मुद्दाम टाळला, लॉनवरच्या पिवळ्या माळांच्या उजेडात तो सरळ काळा दिसतो, मोरपंखीत थोडी चमक असेल तर रंग जिवंत राहतो.

आरशात जवळून काही कळत नाही म्हणून पाच-सहा फुटांवरून मोबाइलवर फोटो काढला, अगदी समोरून, आणि त्यांना दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. बोटांनी फोटो मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला.

बाहेर आल्यावर गार वाऱ्याने उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी टिश्यू घेऊन धावले, टिपायचं हं आत्या, पुसायचं नाही. चष्मा तोपर्यंत पर्समध्ये गेला होता. स्टेजवर फोटोग्राफर म्हणाला मावशी जरा इकडे बघा, आणि त्या सरळ कॅमेऱ्यात बघत उभ्या राहिल्या.

निघताना ती पेन्सिल मी त्यांनाच दिली. आणि तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये कापूस कोणत्या बाजूला फिरवायचा आणि त्याआधी क्लायंटला काय विचारायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवते.