अजून दोघं आले की फोडते

कुत्रीचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकते. कडब्याच्या गंजीमागं तिनं चार पिल्लं घातली होती आणि मी, पुण्याची शहाणी, दोरीवरून उडालेला टॉवेल उचलायला थेट तिच्या बाळंतिणीच्या खोलीत शिरले. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. डाव्या पोटरीला चिमटा बसल्यासारखं झालं आणि मी वळून बघेपर्यंत ती परत पिल्लांपाशी जाऊन बसलीसुद्धा. सलवारीला दोन भोकं, आत दातांच्या दोन खुणा, एकीतून रक्ताचा ओघळ.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. जानेवारीतला शनिवार, सकाळचे साडेसात. काकी तिखटाचा डबा घेऊनच बाहेर आली. तिचं शास्त्र असं, की जखमेत लाल तिखट भरायचं. झोंबलं तर कुत्रं चांगलं, नाही झोंबलं तर पिसाळलेलं. मी डब्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "काकी, साबण दे."

मोरीतल्या नळाखाली पाय धरून, कपड्याच्या साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली. मोबाइलवर टायमर लावून. जानेवारीतल्या टाकीच्या पाण्याखाली पंधरा मिनिटं काय असतात ते सांगत नाही, पण सहाव्या मिनिटाला पाय माझा राहिला नव्हता. "झालं की आता, किती घासशील, कातडं निघंल," असं काकी तीनदा म्हणाली. रेबीजच्या विषाणूलाही करोनासारखंच चरबीचं आवरण असतं आणि साबणानं ते फाटतं. करोनात हात धुऊन धुऊन एवढं तरी डोक्यात बसलं होतं. हळद, चुना, तिखट यांनी जखम फक्त चिडते.

पुण्यात मी साध्या खोकल्यालासुद्धा अ‍ॅपवरून वेळ घेऊन जाते. सवयीनं आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सोमवारी संध्याकाळी सहा वीसचा स्लॉट आहे, चालेल?" कुत्रं चावलंय म्हटल्यावर तिनं फोन ठेवला आणि दोन मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला. "पुण्याला येत बसू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात आत्ता जा. लस मिळेल. पण रक्त आलंय, तेव्हा नुसती लस पुरणार नाही. सीरम मागून घ्या. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही विचारा." हे शेवटचं वाक्य किती कामाचं होतं ते पुढं येईलच.

धाकट्या चुलतभावानं गाडी काढली आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सोडलं.

आत शिरलं की पहिली खिडकी केसपेपरची. मी दहाची नोट काढून हातात तयार ठेवलेली. खिडकीतल्या मुलीनं नोटेकडं बघितलंही नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत; शहरात राहून मला याचा पत्ताच नव्हता. भिंतीवर 'आभा'चा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख-क्रमांकाचा, क्यूआर कोड चिकटवलेला. माझ्या पुढच्या आजोबांनी मोबाइल त्याच्यासमोर देवाला ओवाळतात तसा फिरवला, काही उमटलं नाही. "राहू द्या आजोबा, नाव सांगा," मुलगी म्हणाली.

माझा नंबर आला. नाव, वय, गाव, मोबाइल. "काय होतंय?"

"कुत्रं चावलंय."

झालं. मागच्या रांगेला विषय मिळाला. पाळलेलं का मोकाट, बेंबीत चौदा घ्यावी लागतात का, अमक्या गावात एक जण झाडपाल्याचं औषध देतो, तिथं जा. चौदा इंजेक्शनांची ती जुनी लस देशात २००५ च्या सुमारास बंद झाली, पण तिची भीती अजून रांगेत उभी असते. मुलीनं केसपेपर सरकवला आणि म्हणाली, "हरवू नका. दर वेळी हाच लागणार."

डॉक्टरांच्या खोलीबाहेर टोकन नाही, पाटी नाही. तरी नंबर असतोच. आल्यावर मोठ्यानं विचारायचं, "शेवटचं कोण?" ज्यानं हात वर केला त्याच्यामागं तुम्ही. तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि नंतर कुणी विचारलं की आपण हात वर करायचा. माझ्यापुढं हिरव्या लुगड्यातल्या एक आज्जी होत्या. ही पद्धत अ‍ॅपपेक्षा चोख चालते. तिला भोक एकच: "फक्त सही पाहिजे" म्हणणारा माणूस. असे दोन आत गेले. तिसरा उठला तेव्हा त्याच आज्जी म्हणाल्या, "आमाला बी सहीच पायजे बाबा, बस खाली." बसला.

डॉक्टर पंचविशीतली मुलगी, शिक्षण संपल्यावर सरकारी सेवेचं बाँडचं वर्ष पुरं करणारी. टॉर्च लावून जखम बघितली. कधी चावलं, धुतलं का, किती वेळ, आधी कधी ही लस घेतलीय का, कुत्रं डोळ्यासमोर राहणार आहे का. मग केसपेपरवर लिहिता लिहिता मला समजावलं: धड कातडीला नुसतं चाटलं तर पहिली श्रेणी, काही नको. रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरी, लस. रक्त आलं की तिसरी, लस आणि सीरम दोन्ही. लस शरीराला स्वतःची फौज उभारायला लावते, पण त्याला आठवडा-दीड आठवडा जातो. सीरममध्ये तयार प्रतिद्रव्यं असतात, ती थेट जखमेत सोडायची. हा आजार एकदा लक्षणांवर आला की उपाय नाही, म्हणून जे करायचं ते आधीच.

"सीरम आहे ना इथं?" मी विचारलं.

ती थांबली. "संपलंय. जिल्ह्याला जावं लागेल. लस मात्र इथं घेऊनच जा." बाहेरच्या फळ्यावर खडूनं 'उपलब्ध' लिहिलेलं मी येताना वाचलं होतं. तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "फळा पुसायचा राहिला असेल." चिठ्ठी तिनं लगेच लिहून दिली, पण मी विचारलं नसतं तर ती कधी निघाली असती, कोण जाणे.

इंजेक्शनच्या खोलीत पन्नाशीच्या सिस्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन चटकन देऊन त्यांनी केसपेपर बघितला. "बसा. अजून दोघं आले की फोडते."

काय फोडता, ते कळायला वेळ लागला. ही लस आता कातडीच्या थरात देतात. दोन्ही दंडांवर एक-एक दशांश मिली, म्हणजे माणशी दोन दशांश. त्यांच्याकडची वायल, म्हणजे लसीची कुपी, एक मिलीची. पावडरीत पाणी घातलं की सहा-आठ तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. एका वायलमध्ये पाच जणांचं भागतं आणि आम्ही होतो तीन. "घाबरू नका, बारापर्यंत कुणी नाही आलं तरी तुम्हाला देणारच. परत पाठवत नाही कुणाला. पण वाया जाताना जीवावर येतं हो."

मग आम्ही बाकावर, कुत्रं चावलेल्या माणसांची वाट बघत.

मी, हिरव्या लुगड्यातल्या त्याच आज्जी आणि त्यांचा आठेक वर्षांचा नातू, आणि बीडकडचा एक ऊसतोड कामगार. नातवानं कुत्र्याच्या तोंडातला बिस्किटाचा पुडा सोडवायला हात घातला होता. कामगाराला फडावरच्या खोपीपाशी रात्री चावलेलं. रात्रभर जखमेला चुना लावून तो सकाळी इथं आला होता. सिस्टरनी त्याला आधी नळाखाली उभं केलं आणि चुना धुवायला लावला.

तेवढ्यात एक नवरा-बायको आले. आम्ही तिघांनी मनात हिशेब केला, झाले पाच. पण त्यांना काही चावलं नव्हतं. त्यांची म्हैस पिसाळून मेली होती आणि चार दिवसांपूर्वीपर्यंत घरात तिचं दूध होतं.

"तापवून पीत होता ना?" सिस्टर.

"तापवूनच की. पण चहा बी झाला, दही बी लावलं…"

"मग काही होत नाही. तिच्या तोंडात हात घातला होता का कुणी? औषध पाजलं?"

यावर त्या बाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं आपल्या हाताकडं बघितलं. बोटावर आठवड्याभरापूर्वीचा चरा होता. सिस्टर काही न बोलता त्याला डॉक्टरांकडं घेऊन गेल्या आणि तो परत आला तेव्हा त्याच्या हातात केसपेपर होता. दुधासाठी आलेला माणूस असा हातासाठी चौथा झाला.

पावणेबारा. आज्जी छताकडं बघून सहज म्हणाल्या, "आता एखादा आण की रं देवा." आणि मग आपण काय मागितलं ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर पदर धरला. सगळा बाक हसला, सिस्टरसुद्धा. दाराशी पावलं वाजली आणि हाताला रुमाल बांधलेला एक कॉलेजचा मुलगा डोकावला. "इथंच का, कुत्रं चावल्याचं?" आम्ही पाच-सहा जण असे काही खूश होऊन त्याच्याकडं बघत होतो की तो बिचारा एक पाऊल मागं सरकला.

सिस्टरनी वायल फोडली. इन्सुलिनची असते तसली बारीक सुई, दंडावर जवळजवळ आडवी धरलेली. कातडीवर मसुराएवढा पांढरट फुगा आला, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. "हा आला म्हणजे बरोबर गेलं. चोळायचं नाही." केसपेपरवर चार तारखा: आजची, तिसऱ्या दिवसाची, सातव्या, अठ्ठाविसाव्या. "मंगळवार, शनिवार आणि मग डायरेक्ट महिन्यानं."

सीरमची चिठ्ठी चौघांच्या हातात होती. कॉलेजच्या मुलाला नुसता ओरखडा होता. म्हशीवाला बायकोसोबत मोटरसायकलवर गेला. मी, आज्जी आणि नातू वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, निघालो. कामगार म्हणाला, "मुकादमाला इचारून सोमवारी जातो, आज कोयता बंद ठिवला तर खाडा पडतोय." डॉक्टर बाहेर येऊन त्याला सांगत होती, पहिल्या लसीपासून सात दिवसांत घेतलं तर चालतं, पण आजच जा, रात्रीची जखम आहे. त्यानं मान हलवली. तो गेला की नाही, मला कळलं नाही. त्याचा नंबर तरी घ्यायला हवा होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी परत केसपेपर, परत "शेवटचं कोण". पण तिथं सीरम होतं. पहिला प्रश्न, "वजन?" मी बेधडक बासष्ट म्हणाले. डॉक्टरनी काट्याकडं बोट दाखवलं. काटा सदुसष्टवर. घोड्यापासून केलेलं सीरम किलोला ४० युनिटपर्यंत देतात, म्हणजे वजनात लाजून माझे दोनशे युनिट गेले असते. अर्थात ती वरची मर्यादा. प्रत्यक्षात जखमेत आणि तिच्याभोवती मावेल तेवढंच भरतात.

आणि ते दुखतं. लसीचं काहीच नाही, पण सीरमची सुई दाताच्या भोकातच घालतात, फिरवतात, पोटरी आतून फुगत जाते आणि कातडी ताणून चकाकायला लागते. नातू माझ्याकडं टक लावून बघत होता. "दुखतं?" त्यानं विचारलं. नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण पुढची पाळी त्याची होती आणि त्याची जखम बोटावर होती, जिथं मांसच नाही. "हो, दुखतं," मी म्हटलं. "मोजायचं. माझं बावीसपर्यंत दुखलं." तो तीसपर्यंत मोजत गेला आणि मग मोजणं सोडून ओरडला. नंतर अर्धा तास आम्हाला बसवून ठेवलं, अंगावर काही उठतंय का बघायला. आज्जींनी कनवटीतून शेंगदाण्याची चिक्की काढली.

पुढची तिन्ही इंजेक्शनं पुण्यात. घराजवळच्या खासगी दवाखान्यात दंडाच्या स्नायूत देतात, त्याच्या तारखा वेगळ्या, डोस पाच. त्यांनीच सांगितलं, कातडीतलं सुरू केलंय तर तेच पूर्ण करा. म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथं कुणाची वाट बघावी लागली नाही. मंगळवारी माझ्यापुढं अकरा जण होते आणि वायल एकामागून एक फुटत होत्या.

दहाव्या दिवशी भावाचा फोन आला. "कुत्री ठणठणीत हाय ताई. पिल्लं डोळं उघडून हिंडायला लागली. एक न्यायचंय का पुण्याला?" चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर त्याच्यापासून रेबीजचा धोका नव्हता असं धरतात. तरी मी अठ्ठाविसाव्या दिवशीचं घेतलं. गावात ही एकच कुत्री नाही, आणि टॉवेल काय, परत उडेल.

शेवटच्या इंजेक्शनला सिस्टरनी चौथ्या तारखेवर सही केली. केसपेपर तोवर घड्यांवर फाटून चार तुकड्यांत आला होता, मागून सेलोटेप. "आता फेकून दिला तर चालेल ना?" मी विचारलं.

"अजिबात नाही. नीट ठेवा. परत चावलं तर दोनच घ्यावी लागतात, शून्य आणि तीन, म्हणजे एक लगेच आणि दुसरं तिसऱ्या दिवशी. सीरम नाही. पण हा दाखवायला लागतो."

घरी येऊन तो पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवला.