आईच्या पायाची जखम भरताना : माझा अनुभव

आईला मधुमेह आहे. तिच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या बुंध्याशी, जखम झाली होती आणि ती तिला दुखत नव्हती. हे न दुखणेच सर्वांत गंभीर आहे, असे ठाण्यातील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, घट्ट्याखालची त्वचा दाबाने आतल्या आत फाटते आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला, तेव्हा डोळे मिटून बसलेल्या आईला बहुतेक ठिकाणी स्पर्श कळलाच नाही.

जखम का भरत नाही, याला एकच कारण नव्हते. वाढलेल्या साखरेने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात, जखमेतला दाह लवकर शमत नाही आणि नव्या त्वचेला आधार देणारे कोलॅजन नीट तयार होत नाही. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर प्राणवायू आणि प्रतिजैविके दोन्ही जखमेपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला. मात्र मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचले की हा आकडा खऱ्यापेक्षा चांगला येऊ शकतो, त्यामुळे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणीही केली. सुदैवाने रक्तपुरवठा पुरेसा होता आणि संसर्ग हाडापर्यंत गेलेला नव्हता.

इन्सुलिन सुरू झाले, कडेचा घट्टा आणि मृत भाग डॉक्टरांनी कापून काढला. येणारे-जाणारे नातेवाईक मलमांची नावे सुचवत होते, डॉक्टर मात्र प्रत्येक भेटीत एकच सांगत : जखमेवरचा भार काढा. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातले. त्यामुळे शरीराचा भार पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर विभागला जातो. शिवाय रुग्णाला ते काढता येत नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण काढता येणारा बूट आईने घरात नक्कीच बाजूला ठेवला असता. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. भर पावसाळ्यात, प्लास्टर भिजू न देता, दर आठवड्याला ते बदलून घेण्यासाठी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवावे लागे. शेजाऱ्यांनी हे न सांगता केले, त्यांचे ऋण मोठे आहे.

प्रत्येक वेळी जखमेचे माप घेतले जाई, कारण चार आठवड्यांत ती निम्म्याने आकसली नाही तर उपचारांचा फेरविचार करावा लागतो. आईची आकसली आणि पुढे पूर्ण भरली.

भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे, हे कळल्यावर आम्ही ढिले पडलो नाही. आई घरातही मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) चपला घालते आणि सोमवारी कोपिनेश्वराचे दर्शन चपला न काढता बाहेरूनच घेते. रात्री मी तिचे तळवे आणि बोटांमधल्या फटी पाहते. घट्टा दिसला तर घरी न कापता डॉक्टरांकडे नेते.