कोणाचा गो तो?

हॅम्बुर्गमध्ये रविवारी संध्याकाळचे सहा वाजले की मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसते. तेव्हा हर्णैला रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, इथल्या हिवाळ्यात साडेदहा. बंदरावरचा मासळीचा लिलाव कधीच आटोपलेला, जेवणं झालेली, भांडी घासून पालथी घातलेली. मग एकेक चौकोन उघडतो. हर्णैचा मित्र आणि त्याच्या मागे खुर्ची सरकवत बसणाऱ्या काकू, म्हणजे त्याची आई. चिपळूणची मैत्रीण, जी शाळेत शिकवते. आणि रत्नागिरीकर, ज्याचं नेट पावसाळ्यात हमखास दगा देतं.

आम्ही ‘ओळखा पाहू’ खेळतो. एकाने मनात एक प्रसिद्ध व्यक्ती धरायची आणि नाव कागदावर लिहून कागद पालथा ठेवायचा. बाकीच्यांना वीस प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. वीस म्हणजे कमी वाटतात, पण प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्यावर आणली तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त नावांमधून एक नाव सापडतं. म्हणून चिपळूणची मैत्रीण सुरुवातीला कधीच नाव घेत नाही. हयात आहे का, बाई आहे का, स्वातंत्र्याच्या आधी जन्म का, अशी ती शांतपणे एकेक बाजू कापत जाते.

हा खेळ सुरू झाला त्याचं कारण इथलं आहे. मी आले त्या पहिल्याच हिवाळ्यात एका सहकाऱ्याने घरी बोलावलं होतं. जेवण झाल्यावर सगळ्यांनी कपाळावर चिठ्ठ्या चिकटवल्या. आपल्या चिठ्ठीवर कोणाचं नाव आहे ते आपण विचारून ओळखायचं, ‘मी कोण?’ असाच खेळ. माणसं फार प्रेमळ होती, मला प्रत्येक उत्तर इंग्रजीत समजावून सांगत होती. माझ्या चिठ्ठीवर जर्मन टीव्हीवरचा एक निवेदक होता. त्याचं नाव कळल्यावरही मला काहीच कळलं नाही. आणि शेजारणीसाठी नाव लिहायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मनात पहिलं नाव आलं ते अण्णासाहेब कर्व्यांचं. ते लिहून उपयोग नव्हता. मी गांधीजी लिहिलं. घरी परतताना ट्रेनमध्ये बसल्या बसल्या गटावर मेसेज टाकला, रविवारी मोकळे आहात का रे सगळे?

हा खेळ बुद्धीचा आहे असं मी तोपर्यंत समजत होते. तो त्याआधी सामायिक आठवणींचा आहे.

आमच्याकडे एक गंमत लवकरच लक्षात आली. ‘भारतरत्न मिळालंय का?’ हा प्रश्न एरवी केवढा नेमका, एका झटक्यात बाकीची सगळी नावं गळतात. पण दापोलीच्या परिसरातल्या माणसांपुढे तो पुरत नाही. महर्षी कर्वे मुरूडचे, त्यांना 1958 साली. महामहोपाध्याय पां. वा. काणे दापोलीत शिकले, त्यांना 1963 साली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात, आणि लहानपणी काही काळ ते दापोलीत राहिले. त्यांना 1990 साली, मरणोत्तर. म्हणजे ‘भारतरत्न, दापोली’ एवढं कळूनही तीन नावं उरतातच. माझा पाय ज्या मातीत होता तिथून हे तिघे चालत गेले, हे मला शाळेत पाठ होतं. पण त्याचा खरा अर्थ मला इथे बसून, खेळताना लागला.

कर्व्यांचा डाव आला तेव्हा चौदावा प्रश्न काकूंचा होता. “परीक्षेला चालत गेला तो?” बस्स, तिथेच संपलं. मुरूडहून साताऱ्याला, सह्याद्री ओलांडून पायी, आणि तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. आमच्याकडे पोरांना अभ्यासाला बसवताना ही गोष्ट सांगतातच. चिपळूणच्या मैत्रिणीचे तेरा प्रश्न एकीकडे आणि हा एक एकीकडे.

काकूंना हो-नाहीचा नियम मात्र कधीच रुचला नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “कोणाचा गो तो?” कोकणात अनोळखी पोर दारात उभं राहिलं की हाच प्रश्न. नाव नंतर. आधी घर, वाडी, गाव.

जुलैतल्या एका रविवारी रत्नागिरीकराने नाव धरलं. पुरुष, हयात नाही, राजा. मी विचारलं, “कोकणातला का?” तो गप्प झाला. नेट गेलं असं वाटलं, पण मागचा पंखा फिरताना दिसत होता. शेवटी म्हणाला, “याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही.”

मी लगेच ओळखलं. थिबा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 साली राजवाडा झाला, 1916 साली तो तिथेच वारला. तीस वर्षं! थिबा पॉइंटवरून आम्ही भाट्याची खाडी किती वेळा पाहिली असेल, पण तिकडे तोंड करून तो काय शोधत असेल हा विचार तेव्हा मनाला शिवला नव्हता. मला इथे येऊन सहा वर्षं झाली. मी माझ्या मर्जीने आले, वाटेल तेव्हा तिकीट काढू शकते. त्याला ते नव्हतं.

“कोकणातला नाही,” हर्णैचा मित्र म्हणाला. “ठेवला होता त्याला.”

“आणि त्याची पोरंबाळं?” काकूंनी विचारलं.

रत्नागिरीकराने टुटूचं सांगितलं. थिबाच्या थोरल्या मुलीची मुलगी. रत्नागिरीतच वाढली, तिथेच संसार केला, मराठी बोलायची.

“मग ती रत्नागिरीची,” काकू म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

त्या रात्री पुढचा डाव झालाच नाही. रत्नागिरीकर टुटूबद्दल त्याच्या आजीकडून ऐकलेलं सांगत राहिला. हर्णैच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मधले शब्द बुडत होते, आणि माझ्या खिडकीत साडेसात वाजले तरी लख्ख ऊन होतं.