दहा बाय दहाच्या खोलीतला खर्ज

आमच्या चौघांच्या बँडची तीन गाणी रेकॉर्ड करायची ठरली तेव्हा ड्रम्स तेवढे नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका स्टुडिओत तासावर पैसे मोजून उरकले. बाकीचं ज्याचं त्याने घरी करायचं. माझ्या वाट्याला बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, त्यात दहा बाय दहाची एक खोली, लोखंडी कपाट आणि आईच्या पापडांच्या डब्यांसकट.

मी तेव्हा कट्टर ॲम्पवाला होतो: बेस खऱ्या ॲम्प्लिफायरमधूनच वाजवायचा, सॉफ्टवेअरमधून नाही. रॉकचा बेस म्हणजे १९६९ साली आलेला तो तीनशे वॉटचा ॲम्पेग एसव्हीटी आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट, हे चित्र डोक्यात पक्कं. ते परवडणं शक्य नव्हतं, म्हणून मित्राचा पंधरा इंची स्पीकरवाला कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) रिक्षाच्या मागच्या सीटवर बसवून आणला. मी पुढे ड्रायव्हरला चिकटून.

पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. चिडलेले नव्हते, पण म्हणाले, "काय रे, रियाज का? आमच्या मांडणीतल्या ताटांनीपण साथ धरलीये." बेसची सर्वात जाड तार, ई, मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ. एवढा खालचा सूर स्लॅबमधून आरामात उतरतो. गाद्या लावून, दार बंद करून तो अडत नाही. मी दुपारची वेळ मागून घेतली. काकांनी दिली.

माइक स्पीकरपासून फूटभर लांब ठेवला आणि शिवाय गिटारचा सरळ सिग्नलही डीआय बॉक्समधून (ॲम्पशिवाय गिटार थेट रेकॉर्डिंगला जोडणारी डबी) वेगळ्या ट्रॅकवर घेतला. दोन्ही एकत्र वाजवले तर आवाज पोकळ, जणू कोणी पिंपात तोंड घालून बोलतंय. कारण कळायला दोन रात्री गेल्या. फूटभर हवेतून यायला आवाजाला एक मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, वायरमधून येणारा सिग्नल मात्र तोवर पोचलेला असतो. खालच्या सुरांना त्याने काही होत नाही, पण ५७० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खोडतात, आणि बोटांची गुरगुर नेमकी तिथेच असते. डीआयचा ट्रॅक ४२ सॅम्पल (डिजिटल आवाजाचे ठिपके, सेकंदाला ४८ हजार) उशिरा सरकवला, पोकळपणा गेला.

'ए' या सुराचा फुगवटा मात्र जाईना. ए तारेवरचा मोकळा सूर आला की सगळं गाणं फुगायचं. त्याच्या शेजारचे सूर सरळ, हा एकटाच नवरदेवासारखा मिरवतोय. मी ॲम्पला शिव्या घातल्या, टोनचे खटके फिरवले, शेवटी कंटाळून ॲम्प मित्राकडे परत केला आणि ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळलो. खरं सांगायचं तर तोंड वाकडं करूनच.

सॉफ्टवेअरची पहिली अडचण उशिराची. माझ्या जुन्या लॅपटॉपवर बफर (एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढे द्यायचे तो आकडा) ५१२ ठेवला की तार छेडल्यावर आवाज मागून चालत यायचा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे एका बाजूचे जवळजवळ ११ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट. ॲम्प वीसेक फुटांवर, शेजारच्या खोलीत ठेवून वाजवल्यासारखं. ६४ वर आणला तर कडकड. १२८ वर जमलं. दुसरी अडचण निवडीची: न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्याची मॉडेल्स ढिगाने, वर कॅबिनेटचे इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्यांच्या आवाजाचे ठसे, वेगळे. पहिल्या आठवड्यात मी एक ओळही रेकॉर्ड केली नाही, नुसते ॲम्प बदलत बसलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, लाज वाटते.

मग एक मॉडेल धरलं, वाजवलं, स्पीकरवर ऐकलं. आणि 'ए' पुन्हा फुगला.

आता ॲम्प तर घरात नव्हता! हेडफोन लावले, तर 'ए' बाकीच्यांसारखाच शहाणा. कागदावर हिशोब केला. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या अंतराच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर नेमकी बसते तो साधारण ५६ हर्ट्झचा. ए तारेचा मोकळा सूर ५५. शिवाय माझी खोली चौकोनी, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही त्याच सुराला सामील. भिंतीला पाठ लावली की 'ए' अंगावर यायचा, खोलीच्या मधोमध उभं राहिलं की जवळजवळ गायब. बिचाऱ्या ॲम्पचा काही दोष नव्हता. ॲम्पच्या जुन्या ट्रॅकमध्ये मात्र तो फुगवटा मुरलेला होता, हेडफोनवरही ऐकू यायचा, कारण माइकने स्पीकरसोबत माझी खोलीही रेकॉर्ड केली होती.

निर्णय तिथेच झाला. सॉफ्टवेअर जास्त चांगलं वाजतं म्हणून नव्हे. त्यातलं कॅबिनेट माझ्या खोलीत नसतं म्हणून. आणि ॲम्पशिवाय बेस रेकॉर्ड करणं हा काही आजचा चोरटा मार्ग नाही. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसनचा बेस साठच्या दशकातच थेट मिक्सरमध्ये जात होता. हे आधी आठवलं असतं तर रिक्षाचं भाडं वाचलं असतं.

एक भानगड उरलीच होती. ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा 'जी' ४९ हर्ट्झ, आणि आपल्याकडची वीज ५०. प्लगिनमधला, म्हणजे त्याच ॲम्पच्या सॉफ्टवेअरमधला, ड्राइव्ह (आवाजाला खरखर आणणारा खटका) वाढवला की विजेची गुणगुण वर यायची आणि 'जी' लांबवला की सेकंदाला एक हेलकावा. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला आणि हसला. अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती.

तिसऱ्या गाण्याला तेवढी खऱ्या स्पीकरची हवा हवी होती. मे महिन्यात द्राक्षांचा हंगाम संपल्यावर मखमलाबादला मित्राचं पॅकिंगचं शेड रिकामं असतं. तोच कॉम्बो तिकडे नेला, घरी घेतलेला डीआय ट्रॅक रिॲम्प बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल पुन्हा ॲम्पला देणारी डबी) त्यात सोडला. पत्रे इतके थरथरले की चार सूर वाया गेले. माइक स्पीकरच्या अगदी जवळ नेल्यावर जमलं. मिक्समध्ये खालचा भाग प्लगिनचा ठेवला, मधली गुरगुर शेडमधली.

परवा जिन्यात काका भेटले. "वाजवणं सोडलंस का रे?"

"नाही काका, रोज दोन तास वाजवतो."

"मग आमची ताटं का गप्प?"