कार्बन वाढला की पीक जोमात? अर्धवटच खरंय ते

"कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं अन्नच, मग वाढला तर बिघडलं कुठे?" हा फॉरवर्ड उन्हाळा आला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच, आणि वैताग असा की तो पूर्ण खोटाही नाही. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेत हा वायू 280 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 280 भागांच्या) आसपास होता, आता 420 च्या पुढे गेलाय, आणि भात, गहू, सोयाबीन यांना त्याचा खरंच फायदा होतो. मका, ज्वारी, ऊस यांना फारसा नाही, कारण पानात कार्बन गोळा करायची सोय त्यांच्याकडे मुळातच आहे.

पण फॉरवर्डवाले उष्णतेचं नावच काढत नाहीत. पानात रुबिस्को नावाचं एन्झाइम असतं, हवेतला कार्बन पकडून साखरेच्या कामाला लावणारं, पण भारी धांदरट, कार्बनच्या जागी बऱ्याचदा ऑक्सिजनच धरून बसतं, मग ते निस्तरण्यात झाडाची ऊर्जा जाते आणि आधी पकडलेला थोडा कार्बनही सुटतो. कार्बन वाढला की ही गल्लत कमी होते (फायदा बराचसा तिथूनच येतो), तापमान वाढलं की पुन्हा वाढते. त्यात हवा कोरडी असेल तर पाणी वाचवायला पान आपली छिद्रं मिटून घेतं, मग बाहेर कार्बन कितीका असेना, आत येणार कुठून?

आणि रात्रीबद्दल तर कुणी बोलतच नाही! रात्री साखर बनत नाही पण श्वसन चालूच असतं, रात्र जितकी उबदार तितकी दिवसाची कमाई जास्त खर्च. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांतली बरीच वर्षांची आकडेवारी 2004 मध्ये छापून आली, त्यात उन्हाळी भातात रात्रीचं किमान तापमान 1 अंशाने वाढलं की उतारा साधारण 10 टक्के घटलेला दिसला.

फुलोऱ्याचं तर विचारूच नका. भाताचं फूल सकाळी जेमतेम तासभर उघडतं, नेमकं तेव्हा 35 अंशांच्या वर गेलं की परागकण नीट सुटत नाहीत, दाणे पोचट राहतात. भरलेली लोंबी वजनाने वाकते, ही ताठच्या ताठ उभी, लांबून बघणाऱ्याला वाटेल काय झकास पीक आहे.

जे पिकतं त्याचा कसही उतरतो. 2014 च्या एका अभ्यासात, हवेतला कार्बन 550 पीपीएमच्या आसपास ठेवून वाढवलेल्या गव्हात जस्त साधारण 9 टक्के आणि प्रोटीन 6 टक्के कमी भरलं. म्हणजे पोतं तेवढंच, पोषण कमी.

उपाय शोधणं चालूय. रुबिस्कोची गल्लत स्वस्तात निस्तरणारी तंबाखूची झाडं 2019 मध्ये तयार झाली, शेतात 40 टक्क्यांपर्यंत जास्त वाढली, पण तंबाखू ती तंबाखू, दाण्याचं पीक नव्हे. मला जास्त पटतो तो जंगली भाताचा गुण घेऊन भल्या सकाळी, ऊन तापायच्या आत फुलणारा भात काढायचा मार्ग. रात्रीच्या उकाड्यावर मात्र त्याचा काही उपयोग नाही.